बोलली, नोंद नाही

लेखनिक कुणाच्या घरी आजाऱ्याची विचारपूस करायला गेला, की आजारी माणूस उशीला टेकून उठून बसायचा आणि म्हणायचा, "आता पुष्कळ बरं वाटतंय हो." डॉक्टरांच्या औषधाने जे आठवड्यात होत नसे, ते लेखनिकाच्या काखेतल्या वहीने एका क्षणात व्हायचं. रस्त्यात त्याने नुसतं "काय, तब्येत कशी?" असं विचारलं, तरी धडधाकट माणसाची बायको त्याला डॉक्टरांकडे ओढत न्यायची. चर्चच्या मंडळीतली टवाळ माणसं त्याला 'शेवटचा कान' म्हणत. तोंडावर मात्र सगळे 'काका' म्हणत. न जाणो, उद्या त्याच्याशीच गाठ पडायची.

वहीची प्रथा त्याच्याही आधीची. मंडळीच्या वाडवडिलांनी एकदा बसून विचार केला होता. ख्रिस्तात राहायचं म्हणजे शेवटपर्यंत राहायचं. शेवटपर्यंत कोण राहिला, हे शेवटालाच कळणार. तेव्हा प्रत्येकाचा शेवटचा शब्द लिहून ठेवावा, म्हणजे वाद नको. ह्या तर्कात कुठेही फट नव्हती. मूर्खपणात ती सहसा नसतेच.

माणूस गेला की दफनाआधी सभागृहात वही वाचली जायची. शब्दांत विश्वास दिसला, तर समिती त्याला पुढची रांग द्यायची. पुढची रांग म्हणजे कब्रस्तानात उंच भिंतीलगतची, झाडांच्या सावलीतली, आणि तिथल्या दगडावर ते शब्द कोरलेले. शब्द हिणकस निघाले किंवा माणूस काहीच न बोलता गेला, तर मागची. तिला मूक रांग म्हणत. ती पंपाच्या खोलीमागे होती, जमीन बारमाही ओली, आणि दगडावर नुसतं नाव. आईबाप पुढे असले की मुलं ताठ मानेने चालायची. मागे असले, की उपासनेला उशिरा यायची आणि लवकर निघायची.

लेखनिक चौतीस वर्षं कोर्टात लघुलेखक होता. आरोपी खोकला तरी तो लिहून घ्यायचा. त्याच्या टिपणातल्या एका 'नाही'वरून एक माणूस सुटला होता आणि एका 'बहुतेक'वरून एक जन्मभर आत गेला होता. असा काटेकोर माणूस मिळाल्यावर मंडळीने वही त्याच्या हातात दिली, यात नवल ते काय?

नवल पुढेच आहे. गेली सत्तावीस वर्षं तो वहीत धडधडीत खोटं लिहीत होता.

खाटीक शेवटी म्हणाला होता, "मेव्हण्याला म्हणावं, माझा सुरा परत कर." वहीत आलं, 'मी माझी हत्यारं खाली ठेवली आहेत.' शिंपीण म्हणाली होती, "ती घंटा बंद करा कुणीतरी, डोकं उठलंय." वहीत आलं, 'मला घंटा ऐकू येत आहे.' बेकरीवाला ओरडला होता, "भट्टीचं दार लावा, धाकटा जवळ खेळतोय!" त्याचं झालं, 'दार उघडलं आहे, मी आत जातो.' ज्यांच्या बोलण्यातून काहीच काढता येत नसे, त्यांना तो सरसकट 'प्रभू, मी तुझ्यात आहे' देऊन टाकायचा. शेवटी दगड कोरणारा पाथरवट त्याला म्हणाला, "काका, ह्या वाक्याचा मी पत्र्याचा साचाच कापून ठेवलाय. पण अधूनमधून काही नवीन सांगत जा की. हात गंजतो."

गंमत अशी, की मूळ टिपणं खरी होती. लघुलिपीत खोटं लिहायला त्याचा हातच वळत नसे. वळायचा तो स्वच्छ प्रत काढताना. ती टिपणं तो पत्र्याच्या पेटीत घालून पलंगाखाली ठेवायचा. मंडळीत दुसऱ्या कुणाला लघुलिपी येत नव्हती, त्यामुळे पेटीला कुलूप नव्हतं.

हे सगळं माहीत असलेलं माणूस जगात एकच होतं, ते त्याच पलंगावर वरच्या अंगाला झोपायचं.

त्याची बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी मोजण्यात म्हातारी झाली होती. शिवाय मंडळीतल्या बायकांना शेवटची अंघोळ घालायचं काम तिच्याकडे होतं. तो शब्द घेऊन निघायचा तेव्हा ती दारात शिरायची. तो घरून निघताना ती त्याला इस्त्रीचा सदरा द्यायची, पेन्सिलींना टोक काढून द्यायची आणि गोड आवाजात म्हणायची, "या दुरुस्ती करून." सत्तावीस वर्षांत ती त्याच्यावर एकदाही ओरडली नव्हती. ओरडली असती, तर त्याला जरा बरं वाटलं असतं.

आता ती बाहेरच्या खोलीत खिडकीशी झोपून होती. पाय सुजून खांबासारखे झाले होते आणि श्वास फुटक्या भात्यासारखा वाजत होता. डॉक्टरांनी जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला म्हणाले, "विश्रांती घ्या." ती म्हणाली, "तेच तर चाललंय."

सोमवारी सकाळी, तो तिचे पाय उशीवर ठेवत असताना तिने विषय काढला.

"अहो, मला मागच्या रांगेत ठेवा."

"भलतंच काय! पुढे भिंतीशी आपल्या दोघांची जागा राखून आहे. समितीने ठराव केलाय. सावली आहे तिथे."

"मेलेल्या माणसाला सावली कशाला? मी काय तिथे विणत बसणार आहे?"

"अगं, पण लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतात ते तुम्हीच तर लिहिता." ती दम खाऊन म्हणाली, "मला माझ्या पोरीशेजारी जायचंय."

ह्या घरात पोरीचा विषय निघाला, की तो पेन्सिलीला टोक काढायला आत जायचा. आजही तो उठला, पण पेन्सिलीला टोक होतं.

पोरगी एकोणीस वर्षांची होती. छातीच्या आजारात चार महिन्यांत वाळून गेली. तेव्हा लेखनिकाला वही हातात घेऊन वर्षही झालं नव्हतं. दुसऱ्या कुणाला बोलवावं असं समितीने सुचवलं, तर तो म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा." तो तिच्या पायथ्याशी पॅड घेऊन उभा राहिला. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी ती म्हणाली, "आई, तो कुठे आहे? मला काही दिसत नाही." त्याने लिहिलं. पोरीने डोळे मिटले, श्वास लांबला. कोर्टातली जुनी शिस्त, ऐकलेलं गरम असतानाच स्वच्छ प्रत काढावी. तो स्वयंपाकघरात गेला. प्रत काढून परत आला तेव्हा सगळं संपलं होतं.

सभागृहात ते वाक्य त्यानेच वाचलं, चढ नाही, उतार नाही, कोर्टात वाचतात तसं. अक्षर बदललं नाही. समितीने ठरवलं, की शेवटी प्रभू कुठे आहे असं विचारणारी ही मुलगी त्याच्यात राहिली नाही. पंपामागे खड्डा खणला गेला. खणताना पाणी लागलं.

त्यानंतर मंडळीत कुणीही तसं मेलं नाही. लेखनिकाने मरूच दिलं नाही.

"मी एक अक्षरही बदललं नव्हतं," तो खिडकीकडे बघत म्हणाला.

"तेच तर," ती म्हणाली. "जगाच्या बापांना तुम्ही स्वर्गात घातलंत. स्वतःच्या पोरीच्या वेळी तेवढे हरिश्चंद्र झालात."

तिने हट्ट धरला आणि त्याने कानांत बोळे घातले. तो म्हणाला, "तू बोल काहीही, लिहिणारा मी आहे." नवरा-बायकोच्या भांडणात इतकं मजबूत वाक्य सहसा कुणाच्या हाती लागत नाही.

तेव्हा तिने सरळ समितीलाच चिडवायचं ठरवलं. बुधवारी दुपारी पाळक आणि समितीच्या अध्यक्षबाई भेटीला आले. पाळक मऊ बोलायचे, इतके मऊ, की त्यांनी शिवी दिली असती तरी माणूस आमेन म्हणाला असता. अध्यक्षबाई शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण ही बातमी त्यांच्या आवाजापर्यंत पोहोचली नव्हती. त्यांनी संत्र्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढली.

"कसं वाटतंय मावशी? प्रभूमध्ये आहात ना?"

"नाही," मावशी म्हणाली. "मी कधीच नव्हते. लिहा हो, ऐकताय ना?"

पाळकांनी डोळे मिटले. "पाहा, पाहा. केवढी ही नम्रता! जो खरा राहतो, त्याला आपण राहतो आहोत असं वाटतच नाही."

"मला तुमचं प्रवचन ऐकताना दर रविवारी झोप लागते."

"त्याच्या सान्निध्यात विसावा मिळतो," पाळक अध्यक्षबाईंना समजावून सांगू लागले.

मावशीने मोर्चा वळवला. "बाई, तुमच्या सासूबाई जाताना काय म्हणाल्या, ठाऊक आहे?"

"कोण विसरेल? 'माझा मुकुट मला मिळाला.' दगडावर आहे."

"दगडावर आहे खरं. पण मी होते ना दारात, टॉवेल घेऊन. म्हणाल्या, 'अंगठी निघत नसेल तर बोटासकट पुरा, पण त्या भवानीच्या हाती लागू देऊ नका.'"

पिशवीतलं एक संत्रं घरंगळून टेबलावर आलं. अध्यक्षबाईंचा डावा हात नकळत उजव्या हाताखाली गेला. अंगठी त्याच हातात होती. मग त्यांच्या चेहऱ्यावर शाळेच्या बक्षीस समारंभातलं हसू हळूहळू परत आलं.

"आजारात माणूस काहीही बरळतं," त्या म्हणाल्या. "आपले काका ते व्यवस्थित करून घेतील. नाही का हो काका?"

"घेतील, घेतील," पाळक म्हणाले. "आणि यातही एक खोल अर्थ आहे. अंगठी म्हणजे करार."

ते गेल्यावर ती छताकडे बघत पडली. तिच्या सगळ्या बारुदाचा फुसका बार झाला होता.

"तुम्ही करून ठेवलंय हे," ती शेवटी म्हणाली. "त्यांना आता खरं ऐकूच येत नाही. पालथ्या घड्यावर पाणी तरी निदान ओघळतं."

लेखनिक संत्रं सोलत होता. आपल्या कामाची इतकी नेमकी पावती त्याला कधी मिळाली नव्हती.

गुरुवारी सकाळी तिच्या ओठांना निळी झाक आली. त्याने सवयीने पॅड घेतलं, तारीख घातली आणि पायथ्याशी उभा राहिला. पायथ्याशी उभं राहिलं की ओठ दिसतात, म्हणून ती त्याची नेहमीची जागा होती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तेव्हाही तिथेच उभे होतात."

त्याने तेही लिहून घेतलं.

"ते तिचे शेवटचे शब्द नव्हते," ती म्हणाली.

पेन्सिल थांबली.

"तुम्ही प्रत काढायला गेलात. त्यानंतर ती वीस मिनिटं होती. बोलली ती."

लेखनिकाला वाटलं, कुणीतरी आपल्या पायाखाली तो पंप सुरू केलाय. चौतीस वर्षांत एका साक्षीदाराचं बोलणं संपायच्या आत तो कधी उठला नव्हता. अर्धं टिपण म्हणजे खोटं टिपण, हे तो नव्या पोरांना शिकवायचा. म्हणजे वहीत आपण निदान ही एक नोंद खरी केली, असं जे त्याला वाटत होतं, तीसुद्धा नाही.

"सत्तावीस वर्षं!" तो म्हणाला. "सत्तावीस वर्षं सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही वहीत दुरुस्ती केली असती. तिला पुढच्या रांगेत हलवलं असतं. सगळ्यांनी डोळे पुसले असते आणि तुम्ही सुटला असतात." तिने श्वास घेतला. "मला तुम्हाला सोडायचं नव्हतं."

हे ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली, की चादरींचा हिशोबच देतेय असं वाटावं.

"काय म्हणाली ती?"

"मला मागे ठेवा. मग सांगते."

"अगं, पण मग तू कशी सांगशील?"

"हो ना," ती म्हणाली. "पंचाईतच आहे."

तो पलंगाच्या कडेला टेकला. "ठेवतो. शब्द देतो."

"तुमचा शब्द!" तिला हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला शमायला बराच वेळ लागला. "शब्द नको. पॅड खाली ठेवा. खुर्ची इकडे उशाशी घ्या आणि बसा."

"किती वेळ?"

"हे बघा. आत्तापासून विचारायला लागले."

तो बसला. अकरा वाजले, बारा वाजले. माणसाजवळ नुसतं बसायचं असतं, हे त्याला ठाऊक होतं. पण पोहणं ठाऊक असणं वेगळं आणि पाण्यात असणं वेगळं. तिने पाणी मागितलं, त्याने चमच्याने दिलं. कूस बदलायची म्हणाली, तर त्याला जमेना. तिला दुखलं आणि तिने त्याला गाढव म्हटलं. तसं त्याचं बोट मांडीवर हलू लागलं. तो लघुलिपीत 'गाढव' लिहीत होता.

"बोटं थांबवा."

"सवय आहे."

"हातांवर बसा."

मग मंडळीचा लेखनिक, वय वर्षं त्र्याहत्तर, वर्गातल्या द्वाड मुलासारखा दोन्ही हात मांडीखाली दाबून बायकोच्या उशाशी बसला. हातांना मुंग्या आल्या. तोंडावर माशी बसली, ती हाकलता येईना. ती डोळे मिटून पडली होती, मधूनच बोलत होती.

"राहायचं म्हणजे आपण त्याला घट्ट धरून ठेवायचं, असं तुमच्या त्या वहीला वाटतं. शे-दीडशे बायकांना मी धुतलंय. शेवटी एकीचीही मूठ मिटलेली नव्हती. सगळ्यांचे हात उघडे. धरणारा तोच असतो हो. आपण नुसतं उठून जायचं नाही."

"मग तू मला का नाही धरलंस?" त्याने विचारलं.

"मी काय प्रभू आहे?" ती म्हणाली. "मला राग होता. मी तो घेऊन त्याच्यापाशी बसले रोज. त्याने राग काढून घेतला नाही आणि मला हाकललंही नाही. एवढंच माझं राहणं. फार काही चांगलं नव्हतं."

दोनच्या सुमारास तिने डोळे उघडले. आपल्या हातांतली संवेदना गेली आहे, असं तो सांगणार होता, पण तीच बोलली.

"तुम्ही गेल्यावर तिने विचारलं, 'बाबा गेले?' मी म्हटलं, 'येतील.' म्हणाली, 'आणि तो?' मी म्हटलं, 'तो आहे इथेच, दिसत नसला तरी.' तर म्हणाली, 'बरं. मग मी थांबते.'"

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. तो आवाज गेला.

"वीस मिनिटं थांबली. दाराकडे तोंड करून. स्वयंपाकघरातून तुमच्या पेन्सिलीचा आवाज येत होता." ती त्याच्याकडे बघत होती. त्या नजरेत दयामाया काही नव्हती. फक्त एक मोठं ओझं खाली ठेवलेल्या माणसाचा थकवा होता. "ती राहिली. तुम्ही उठून गेलात. आणि शिक्का बसला तिच्यावर."

लेखनिक रडला. हातांवर बसून रडणाऱ्या माणसाला नाक पुसता येत नाही. तिने चादरीच्या टोकाने त्याचं नाक पुसलं, जरा जोरातच.

त्यानंतर तासाभराने ती गेली. जाण्याआधी ती काहीतरी बोलली. तो ऐकायला तिथेच होता. काय बोलली ते वहीत नाही, पेटीत नाही आणि ह्या गोष्टीतही नाही, कारण त्या वेळी त्याचे दोन्ही हात मांडीखाली होते.

शनिवारी सकाळी सभागृह भरलं. लेखनिकाच्या स्वतःच्या बायकोचे शेवटचे शब्द म्हणजे काय असतील, या उत्सुकतेने दोन वर्षं उपासनेकडे न फिरकलेली माणसंसुद्धा आली होती. पाथरवट नवी छिन्नी घेऊन आला होता. शवपेटी मधोमध होती. लेखनिक वही घेऊन उभा राहिला. पायाशी पत्र्याची पेटी होती. तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

त्याच्या जिभेवर पोरीचं वाक्य आलं होतं. 'बरं. मग मी थांबते.' ते वाचलं असतं, तर सभागृह हुंदक्यांनी भरलं असतं. समितीने त्याच बैठकीत दोघींना पुढची रांग दिली असती आणि पाथरवटाच्या छिन्नीचं सार्थक झालं असतं. तो सुटला असता. त्याने ते वाक्य गिळलं.

"बोलली," त्याने कोर्टातल्या आवाजात वाचलं. "नोंद नाही."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. अध्यक्षबाई पुढे झुकल्या. "म्हणजे? काय बोलल्या?"

"नोंद नाही."

"अहो, पण तुम्ही तिथे होतात ना?"

"होतो," लेखनिक म्हणाला. "म्हणूनच नाही."

नियम स्पष्ट होता. शब्द नाहीत, तर मूक रांग. लेखनिकाने वही मिटली. त्याच्या छातीवरचा दगड अर्धा सरकला. पण लोकांच्या चांगुलपणाचा हिशोब त्याने धरला नव्हता असं नाही. म्हणून तर पेटी आणली होती. पाळक आणि अध्यक्षबाई कुजबुजले, पाळकांनी घसा साफ केला आणि प्रेमाने ओथंबून म्हणाले, "काका दुःखात आहेत. त्यांची सत्तावीस वर्षांची सेवा लक्षात घेऊन, खास बाब म्हणून, समिती आपल्या मावशींना पुढचीच रांग देत आहे. दगडावर 'प्रभू, मी तुझ्यात आहे' असं कोरावं."

"साचा आहे," पाथरवट पुटपुटला.

"नको," लेखनिक म्हणाला.

"काका, संकोच करू नका."

"मागे ठेवा तिला."

"आम्ही एकमताने..."

तेव्हा लेखनिकाने वाकून पेटीचं झाकण उघडलं आणि वरचं टिपण काढलं. चष्मा पुसला. मग चढ नाही, उतार नाही, अशा आवाजात वाचायला सुरुवात केली.

"अध्यक्षबाईंच्या सासूबाई. सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं. 'अंगठी निघत नसेल तर बोटासकट पुरा, पण त्या भवानीच्या हाती लागू देऊ नका.'"

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. ते खाटकाचे चिरंजीव होते. लेखनिकाने पान उलटलं.

"खाटीक. दुपारी एक. 'मेव्हण्याला म्हणावं, माझा सुरा परत कर.'" हसू जागच्या जागी वाळलं. मेव्हणा तिसऱ्या बाकावर होता आणि सुरा अजून त्याच्याकडेच होता.

"आपल्या पाळकांचे वडील, म्हणजे आधीचे पाळक. संध्याकाळी सहा. 'मला भीती वाटते. दिवा काढू नका. कुणीतरी बसा ना.'"

वहीत हे 'मी प्रकाशाकडे निघालो' असं होतं. दर वर्षी त्या वाक्यावर एक प्रवचन व्हायचं. पाळकांनी शेजारचा बाक हाताने चाचपला आणि त्यावर बसले. बोलायला त्यांना काहीच मऊ सापडेना.

"कोण बसलं?" त्यांनी विचारलं.

"मी नाही," लेखनिक म्हणाला. "मी प्रत काढायला गेलो होतो. तुम्ही प्रवचनाच्या दौऱ्यावर होतात."

तो वाचत राहिला. शिंपीण, गवंडी, दोघी बहिणी, एकेका बाकावरच्यांचे बाप आणि आया पेटीतून निघून सभागृहात येत होत्या. पाणी मागत, शिव्या देत, मांजराची चौकशी करत, आईला हाका मारत. एका बाईने कानांवर हात ठेवले. कुणी म्हणालं, "खोटारडा!" कुणी म्हणालं, "बंद करा ती पेटी!" लेखनिक प्रत्येक पान संपलं की नीट उलटं ठेवत होता. त्याला थांबायची घाई नव्हती, पेटीत अजून बरंच होतं.

"पुरे!" अध्यक्षबाई किंचाळल्या. मुख्याध्यापिका असतानाही त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या नसतील. "घाला तिला मागे! आणि तुम्हीसुद्धा तिकडेच जाल, लक्षात ठेवा! पुढे पाय ठेवू देणार नाही!"

"आभारी आहे," लेखनिक म्हणाला आणि पेटी बंद केली.

माणसं धडाधड बाहेर पडली. शवपेटी खांद्यावर घ्यायला चारऐवजी दोघंच उरले. त्यांतला एक बेकरीवाल्याचा धाकटा होता. आता तो स्वतःच तिशीतला बेकरीवाला होता आणि त्याच्या भुवयांना पीठ लागलेलं होतं. तो लेखनिकाजवळ येऊन अडखळत उभा राहिला.

"काका, आमच्या वडिलांचं तेवढं परत वाचता?"

लेखनिकाने शोधून वाचलं. "'भट्टीचं दार लावा, धाकटा जवळ खेळतोय.'"

"अजून एकदा."

त्याने अजून एकदा वाचलं.

"दगडावरचं ते दाराचं वाक्य मला कधी कळलंच नाही," धाकटा म्हणाला. "हे बाबांचं आहे." मग त्याने तळहाताने तोंड पुसलं, आणि तोंडालाही पीठ लागलं.

बाकी कुणी आलं नाही. पुढच्याच आठवड्यात समितीने एकमताने ठराव केला, की वही खरी असून टिपणं खोटी आहेत. पेटीतली टिपणं जाळण्यात आली. नवा लेखनिक नेमला गेला. तो विमा कंपनीतून निवृत्त झालेला असून कल्पक आहे, असं म्हणतात.

पण ते पुढच्या आठवड्यात. शनिवारी दुपारी पंपामागे, एकोणीस वर्षांच्या मुलीच्या दगडाशेजारी, तिच्या आईसाठी खड्डा खणला गेला. खणताना पाणी लागलंच. खणणाऱ्याने माती लोटली, फावडं पुसलं आणि एक पालथी बादली पायाने पुढे सरकवली.

"बसा काका, दम घ्या. मग निघू."

"तुम्ही व्हा पुढे."

"ऊन आहे इथे. वर पंप सुरू झाला की डोकं उठतं."

"असू दे."

खणणारा गेला. थोड्या वेळाने पंप सुरू झाला. त्या घरघरीत काही ऐकू येणं शक्य नव्हतं आणि कुणी काही बोलतही नव्हतं. लेखनिकाचं बोट गुडघ्यावर हलायला लागलं. त्याने ते पाहिलं. मग त्याने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि तो तिथेच बसून राहिला.